चौथ्या गुरुवारचं पान

"या भांडाराची किल्ली मुदतबाह्य आहे. कानोसा बसवता येणार नाही."

नव्या संगणकाचा यांत्रिक आवाज हे तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा रेहाना मुजावरनं कीबोर्डवरून बोटं उचलली. मंगळवार, २६ मार्च २०४१. मिरजेतल्या अंध मुलींच्या शाळेत दहा नवे संगणक आले होते. त्यांच्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली आधीच होती. वार्षिक परीक्षेआधी त्यांवर कानोसा हा ब्राउझर बसवायचा, एवढंच तिचं काम. चार आज्ञा टंकायच्या आणि चहा घेऊन यायचं. अकरा वर्षांत तिनं हे शेकडो वेळा केलं होतं. कधी अडलं नव्हतं.

रेहाना सेहेचाळीस वर्षांची, शाळेची संगणकशिक्षिका, स्वतः जन्मांध. कानोसा नसता तर तिचं कसं झालं असतं, याचा विचार तिनं फारसा केला नव्हता. साधा वाचक-आवाज पानावरचं सगळं ओळीनं वाचत सुटतो: जाहिराती, तळटिपा, चित्रांची नावं. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो आणि नको ते सोडून देतो. हे नजर फिरवण्याचं काम कानोसा करायचा. कुठलं पान कसं वाचायचं, काय गाळायचं हे तो ठरवायचा आणि उरलेलं माणसासारखं बोलून दाखवायचा. महाराष्ट्रातल्या चौतीसशे संगणकांवर तो होता. तो वाचेल तेवढंच त्या माणसांना दिसायचं.

म्हणूनच त्याच्यावर सही लागायची. मुक्त प्रणालीसाठी कुणीही काहीही बनवून इंटरनेटवरच्या भांडारात ठेवू शकतं. ते खरोखर त्याच माणसानं बनवलं आहे हे कळायला प्रत्येक आवृत्तीवर त्याच्या गुप्त किल्लीची अंकीय सही असते. किल्ली खरी की खोटी हे ओळखायला तिचा चाळीस अक्षरांचा ठसा असतो. कानोसाच्या छोट्या गटानं यावर आपला एक नियम चढवला होता. दर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजता, बनवणाऱ्यानं गटातल्या दुसऱ्या माणसाला फोन करायचा आणि ठसा मोठ्यानं वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्यानं तो ताडायचा आणि मग एक असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आधी कुणालाच ठाऊक नसेल. समाधान झालं की "बरोबर" म्हणून आपल्या बाजूनं मंजुरी द्यायची. तेव्हाच नवी आवृत्ती बाहेर पडायची.

बनवणारे होते चाळीसगावचे त्र्यंबक वाणी, टेलिफोन खात्यातले निवृत्त तंत्रज्ञ. ऐकणारी रेहाना. दोघं कधी भेटले नव्हते. पण ठसा वाचायची वाणीकाकांची तऱ्हा तिला पाठ होती. ठशात शून्य ते नऊ आकडे आणि इंग्रजी ए ते एफ अक्षरं येतात. फोनवर बी आणि डी सारखेच वाटतात, म्हणून काकांनी एक्स्चेंजमधली जुनी पद्धत लावली होती. एला अकोला, बीला बार्शी, सीला चाळीसगाव, डीला धुळे, ईला एरंडोल, एफला फलटण. "चार अकोला नऊ धुळे. फलटण फलटण दोन शून्य." रेल्वेचं वेळापत्रक वाचल्यासारखं.

किल्लीची मुदत दोन वर्षांची. ती काल संपली होती. वाणीकाका विसरले, हेच मुळात नवल. इतर दिवशी ते फोन उचलत नसत, म्हणून तिनं मेल टाकली. चार मिनिटांत उत्तर आलं.

"होय मॅडम, लक्षात आहे. मुदत वाढवायला टोकन लागतं. शोधतोय. सापडलं की लगेच."

संगणकाला लावायच्या बोटाएवढ्या टोकनमध्ये काकांनी मूळ किल्ली जपली होती आणि महिन्याच्या सहीपुरती तिची उपकिल्ली संगणकातच ठेवली होती, हे तिला माहीत होतं. काकांच्या हातून वस्तू हरवते, हे मात्र ती पहिल्यांदाच ऐकत होती. घरी कुणाला तरी विचारावं म्हणून ती पत्ता शोधायला बसली. नव्या संगणकावर कानोसा नव्हता. होता तो प्रणालीबरोबर आलेला साधा ब्राउझर आणि ओळीनं सगळं वाचणारा यांत्रिक आवाज. तिनं नाव टंकलं.

"प्रथम पुण्यस्मरण," आवाज म्हणाला. त्याच सपाट सुरात, ज्यात तो जाहिराती वाचतो. "कैलासवासी त्र्यंबक सीताराम वाणी. मृत्यू नऊ जानेवारी दोन हजार चाळीस. शोकाकुल, विमल त्र्यंबक वाणी, आणि समस्त वाणी परिवार. गणेश कॉलनी, चाळीसगाव."

रेहानानं तो मजकूर पुन्हा वाचून घेतला. मग पुन्हा. तिनं मनात मोजलं. मागच्या वर्षीच्या जानेवारीपासून या फेब्रुवारीपर्यंत चौथे गुरुवार चौदा. चौदा वेळा फोन आला होता. चौदा वेळा ती "बरोबर" म्हणाली होती.

ती उठली, जुन्या संगणकापाशी गेली आणि कानोसात वर्तमानपत्राचं तेच पान उघडलं. काकांनी निवडलेला तो मऊ आवाज वाचू लागला. वरची पाचोऱ्याच्या कुणा आजींची पुण्यस्मरणाची जाहिरात वाचली. खालची भडगावच्या एका गुरुजींची वाचली. मधे काकांची यायला हवी होती, तिथं श्वास घेण्याएवढीसुद्धा फट नव्हती.

मग तिला आठवलं, आणि ती खुर्चीत बसली.

नऊ वर्षांपूर्वी कानोसा सुरू झाला की "निर्मिती, त्र्यंबक वाणी" असं म्हणायचा. मुलींनी त्याचा खेळ केला होता, वर्गात वीस संगणक एकदम सुरू झाले की वीस मुली त्या आवाजाबरोबर ओरडायच्या, "त्र्यंबक वाणी!" तिनं हे हसत हसत काकांना सांगितलं. काका एवढे संकोचले की पुढच्याच आवृत्तीत त्यांनी स्वतःचं नाव वगळण्याच्या यादीत घातलं. ज्या परिच्छेदात हे नाव येईल तो न वाचता पुढे जायचं. "उगाच पोरींच्या कानावर रोज माझं नाव कशाला?" ते म्हणाले होते. तिनंच त्या बदलाला मंजुरी दिली होती.

ज्याचा कानोसा चौतीसशे संगणकांवर चालत होता तो माणूस मेला होता, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाच्याही कानावर ती बातमी पडली नव्हती.

फोनवर कोण होतं, याचं उत्तर शोधायला तिला वेळ लागला नाही. गेल्या पाचसहा वर्षांत मुखत्यार घरोघरी झाले होते. एखाद्या माणसाची पत्रं, त्याचं काम, त्याचे फोनवरचे आवाज यांवर शिकवलेला हा कार्यक्रम. त्याला ठरावीक अधिकार लिहून द्यायचे आणि तो आपल्या वतीनं, आपल्यासारखा, ते काम करतो. वकील, डॉक्टर, दुकानदार सगळे वापरत. कायद्यानं त्याच्यावर दोन बंधनं होती. तू कोण आहेस असं कुणी सरळ विचारलं तर त्यानं खरं सांगितलंच पाहिजे. आणि माणूस गेला की मुखत्यारपत्रही त्याच क्षणी संपतं. पण माणूस गेला, हे मुखत्याराला कुणीतरी कळवावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काकांनी तो बसवला होता.

"महिनाभर स्क्रीन बघू नका म्हणालेत, मॅडम. तोवर हा सांभाळेल."

"पण गुरुवारचा फोन तुम्हीच करायचा हं."

"मीच करणार हो! टेलिफोनवाल्याचा फोन दुसरा कोण करेल?"

आणि तिचा प्रश्न? ज्याचं उत्तर आधी ठाऊक नसावं, तो? पहिल्या वर्षी ती नेमानं विचारायची. आज पेपरात पहिली बातमी कुठली, शेजारी आत्ता कसला आवाज येतोय. पण पंचवीस वर्षांनी मोठ्या माणसाची दर महिन्याला पोलिसासारखी उलटतपासणी घ्यायची तिला लाज वाटू लागली. हळूहळू तो प्रश्न एकाच जागी येऊन बसला.

"जेवण झालं का, काका?"

"आत्ताच उठलो पानावरून. तुमचं?"

"व्हायचंय. बरोबर आहे ठसा."

दहा वर्षं हेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं गोंदियाकडे जाणारी गाडी पकडली. पिशवीत एक जाड लिफाफा होता, अकरा वर्षं कपाटात पडलेला. किल्ली तयार केली तेव्हाच काकांनी ती रद्द करण्याचं प्रमाणपत्रही तयार केलं होतं. ते संगणकावर भरून प्रसिद्ध केलं की किल्ली कायमची मरते. पुन्हा जिवंत करता येत नाही. असं प्रमाणपत्र विश्वासातल्या माणसाकडे कागदावर ठेवायचं असतं. काकांनी ते ब्रेलमध्ये, स्वतःच्या हातानं टोचून पाठवलं होतं. ब्रेल शिकून. सोबत एकच ओळ होती: "माझं काही बरंवाईट झालं तर. त्र्यं. वाणी."

गाडीत तिनं कानोसाची वगळण्याची यादी तपासून घेतली. चौदा महिन्यांत एकतीस नोंदी वाढल्या होत्या. कुठलीच वाईट नव्हती. शेवटची होती: "अंध या शब्दाशेजारी बिचारी हा शब्द आल्यास ते वाक्य गाळावे." रेहानाला हसू आलं. अगदी काकांचीच नोंद. काकांनी घातली असती, तश्शी. आणि मग अंगावर काटा आला, कारण काकांनी ती घातली नव्हती.

चाळीसगावात ती पहाटे उतरली, प्रतीक्षालयात बसली आणि नऊला रिक्षानं गणेश कॉलनीत पोचली. दार उघडणाऱ्या बाईच्या बांगड्या वाजल्या नाहीत. हाताला लसणाचा वास होता.

"मिरजेहून आले. रेहाना मुजावर."

"मॅडम?" ती बाई म्हणाली. "मॅडम म्हणजे तुम्ही! या ना, या. पायरी आहे हं. मी विमल."

विमलकाकूंनी तिला पलंगावर बसवलं, पाणी दिलं. आतल्या खोलीतून पंख्याची बारीक घरघर येत होती. संगणकाचा पंखा.

"काकू, मला परवा कळलं."

"आम्ही पेपरात दिलं होतं ना वो. वर्षश्राद्धालाही दिलं."

"वाचलं गेलं नाही." तिनं कसं ते सांगितलं. काकूंनी मधेच तोंडाला पदर लावल्याचं तिला आवाजावरून कळलं. हसल्या की रडल्या, ते कळलं नाही.

"असेच होते ते. लग्नाच्या पत्रिकेत स्वतःचं नाव बारीक छापा म्हणाले होते."

"आणि हा फोन? तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वेळी मी भाकरी थापत होते." काकू हळू बोलू लागल्या. "तेराव्याला आठ दिवसही झाले नव्हते. अकरा वाजले आन् खोलीतून आवाज आला. चार अकोला नऊ धुळे. मी पिठाच्या हातानं धावले. खुर्ची रिकामी. पण बोलणं सुरू. मग तुमचा आवाज आला, जेवण झालं का. आन् हे म्हणाले, आत्ताच उठलो पानावरून. तुम्ही सांगा, ताई. उभ्या जन्मात खोटं बोलला नाही तो माणूस. आन् आता त्याच्या तोंडून असं निघायला लागलं. मला राहवेना. पुढच्या चौथ्या गुरुवारी मी दहालाच स्वयंपाक केला. पान वाढलं, त्यांच्या जागेवर. दहा मिनिटं ठेवलं आन् उचललं. मग फोन झाला."

"दर वेळी?"

"खोटं ठरू नये म्हणून."

रेहानाला तो लसणाचा वास पुन्हा आला. आज चौथा गुरुवार होता.

काकू उठल्या, कपाट उघडलं, परत आल्या. रेहानाच्या तळहातावर त्यांनी बोटाएवढी थंड वस्तू ठेवली. "चष्म्याच्या घरात होतं. हे लावलं की अजून दोन वर्षं चालतं, ते म्हणायचे. मला ते कसं लावायचं येत नाही. त्याचा आकडा मात्र मला माहीत आहे, आमच्या लग्नाची तारीख."

"काकू, मी ते बंद करायला आलेय."

"का वो? कुणाचं काय बिघडलं? तुमच्या मुलींचं काम अडलं का एकदा तरी?"

"नाही अडलं."

"मग?"

रेहानाला उत्तर पाठ होतं. गाडीत तिनं ते जुळवलं होतं. पण तिच्या एका हातात टोकन होतं, दुसऱ्या हाताखाली लिफाफा होता, आणि समोर ही बाई होती.

"माझ्या मुलींना तो वाचेल तेवढंच जग आहे," ती म्हणाली. "काय गाळायचं हे कुणीतरी ठरवणारच. पण त्याच्याशी भांडता आलं पाहिजे ना, काकू? काकांशी मी भांडायची. आता मी कुणाशी भांडू?"

भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. काकू उठून आत गेल्या, भांड्यांचा आवाज झाला, ताट फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. दहा मिनिटांनी अकराचे ठोके पडले आणि रेहानाच्या पिशवीतला फोन वाजला.

तिनं तो उचलला. आवाज दोन ठिकाणांहून आला, कानातून आणि भिंतीपलीकडून, मधे निमिषभराचं अंतर.

"नमस्कार मॅडम. त्र्यंबक वाणी. घ्या लिहून."

"थांबा," रेहाना म्हणाली. अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच त्या आवाजाला मधे तोडत होती. "तुम्ही कोण बोलताय?"

क्षणाचाही वेळ गेला नाही. "मुखत्यार. त्र्यंबक वाणी यांच्या वतीनं."

आवाज तोच होता. तोच खाकरा, तीच घाई. काकू दारात येऊन उभ्या राहिल्याचं तिला ऐकू आलं.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम."

"काका कुठे आहेत?"

"साहेब चौदा महिने खोलीत आलेले नाहीत. ते नसले तर फोनसकट सगळं काम मी करायचं, असं मुखत्यारपत्रात आहे. मी त्यांच्या सूचनेची वाट पाहतोय. टोकनबद्दलही त्यांनाच विचारायचं आहे."

रेहानानं टोकन मुठीत घट्ट धरलं. "ते वारले. नऊ जानेवारीला, मागच्या वर्षी."

भिंतीपलीकडचा पंखा जरा जोरात फिरला, मग पूर्वीसारखा झाला.

"नोंद घेतली," आवाज म्हणाला. "म्हणजे माझा अधिकार त्या दिवशीच संपला. त्यानंतरच्या चौदा आवृत्त्यांवरची सही वैध नाही. हे तुम्ही सगळ्यांना कळवाल?" आणि मग, अगदी काकांसारखं चाचरत, "आजचा ठसा वाचू का, मॅडम? की नको?"

रेहानानं मान वळवली. तिला काही दिसणार नव्हतं, पण वळवली.

"वाचू द्या," दारातून काकू म्हणाल्या.

त्यानं वाचला. चाळीसच्या चाळीस अक्षरं, चार-चारच्या दहा चौकड्यांत. दुसऱ्या चौकडीपासून काकूही पुटपुटू लागल्या. अकरा वर्षं दाराआडून ऐकून त्यांना तो पाठ झाला होता. फलटण फलटण दोन शून्य. चाळीसगाव सात एरंडोल एक. शेवटचं बार्शी झालं. या ठिकाणी रेहाना दर वेळी जेवणाचं विचारायची. तिनं विचारलं नाही. "बरोबर" म्हटलं नाही. लाइन थोडा वेळ उघडी राहिली आणि मग पलीकडूनच बंद झाली.

काकूंनी तिला काकांच्या खुर्चीवर बसवलं. डाव्या हातानं ब्रेल वाचत, उजव्या हातानं टंकत तिनं प्रमाणपत्र भरलं. काकांचे काही ठिपके उथळ पडले होते. तिथं तिला बोट दोनदोनदा फिरवावं लागलं. पाऊण तास लागला. शेवटी संगणकानं विचारलं, किल्ली कायमची रद्द करायची का? तिनं उत्तर दिलं.

बाहेर आली तेव्हा काकू म्हणाल्या, "पान वाढलेलं आहे. उचललं नाही मी आज. बसा." ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं, सगळं गार झालेलं. रेहाना जेवली. काकू समोर बसून होत्या, वाढत होत्या.

पुढचं सगळं रीतसर झालं. कानोसाच्या सर्व वापरणाऱ्यांना पत्र गेलं. नवी किल्ली रेहानाच्या नावानं तयार झाली. आवृत्त्या तयार करण्याचं काम तिच्या दोन जुन्या विद्यार्थिनींनी घेतलं. वगळण्याच्या यादीतून बत्तीस नोंदी काढल्या, मुखत्याराच्या एकतीस आणि काकांच्या नावाची एक. ठसा ऐकायला दुसरं माणूस हवं होतं. गटानं नावं सुचवली. रेहानानं चाळीसगावचं नाव दिलं, आणि कुणी हरकत घेतली नाही.

पंचवीस एप्रिलला, चौथ्या गुरुवारी, अकरा वाजता तिनं फोन लावला. दहाही नव्या संगणकांवर आज्ञा टंकून तयार होत्या. तिनं नवा ठसा वाचला, काकांच्याच गावांनी. काकूंनी तो कागदाशी ताडला, एका चौकडीला अडवून पुन्हा वाचायला लावला.

"आता मी विचारायचं ना?" काकू म्हणाल्या. "तुमच्या बाजूला आत्ता कसला आवाज येतोय?"

"स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होतेय. आणि कुणीतरी पेटीवर चुकीचा सूर धरलाय."

"ऐकू येतंय. बरोबर आहे ठसा."

रेहानानं कळ दाबली. दहा संगणक एकामागोमाग एक बोलले: कानोसा बसवला आहे. मग प्रत्येकानं, नऊ वर्षांनी, पहिली ओळ म्हटली. निर्मिती, त्र्यंबक वाणी. दहा वेळा.

ती ओळ विरली तेव्हा फोनमधून आणखी एक आवाज तिच्या कानाला लागला. बारीक, एकसुरी घरघर.

"काकू, ते मशीन चालू आहे?"

"असू दे ना वो. बोलत नाही आता."

इथं फोन ठेवता आला असता. दहा वर्षं तिनं असाच ठेवला होता.

"काकू, आज पान वाढलं होतं का?"

पलीकडे काकूंनी ठशाच्या कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगते," काकू म्हणाल्या. "अजून उचललं नाही."